सातवी निरी

पडद्यावरच्या बाईनं निरी मांडीवर दोनदा झटकली, बोटांच्या टोकांवर हलकीच फुंकर घातली, आणि इकडं खुर्चीत शालूबाईच्या हातातली शेंगदाण्यांची पुडी कलंडून सगळे दाणे ओच्यात सांडले. तिनं ते वेचले नाहीत. ती फुंकर तिची होती. झटका धोंडुमावशीचा, नेसवणं शिकवताना मावशीनं तिच्या हाताला दिलेला. पण फुंकर कुणी शिकवली नव्हती. उन्हाळ्यात बोटं घामेजतात, जरीवर डाग पडतो, म्हणून कधीतरी पहिल्यांदा तिनं ती घातली असेल, आणि मग ती हातालाच चिकटून राहिली, सव्वीस वर्षं. आता ती फुंकर भिंतीएवढ्या तोंडानं कुणी दुसरीच घालत होती. भर बाजारात आपल्याच अंगावरचं लुगडं नेसून कुणी पुढनं निघालंय आणि आपण मागं उघड्यावर उभ्या आहोत, असं काहीतरी तिला झालं. पदर डोक्यावर होता तरी तिनं तो आणखी पुढं ओढला.

तीनचा खेळ होता, थिएटर निम्मंही भरलं नव्हतं. मधली एक खुर्ची रिकामी सोडून पलीकडं विश्वजित बसला होता, तिचा मुलगा, सत्तावीस वर्षांचा, बापासारखाच रुंद खांद्यांचा, आणि तीन वर्षं आईशी कामापुरतंच बोलणारा. ती खुर्ची त्यानं मुद्दाम सोडली की पायांच्या सवयीनं, हे तिला कळलं नव्हतं. तिचा नवरा आकाराम होता तेव्हा मधे तो बसायचा. दोन्हीकडं कोपरं टेकून, दोन्हीकडचे शेंगदाणे खात. सोमवारपासून विश्वजित इचलकरंजीला चालला होता. यंत्रमागाच्या कारखान्यात देखरेखीची नोकरी, पाळ्या, आणि तिथंच एक खोली. इचलकरंजी काही लांब नव्हे. मंगळवार पेठेतलीच चार पोरं रोज जाऊन-येऊन करत होती. पण यानं खोली घेतली होती, गादी आणि बादली आधीच नेऊन टाकली होती. परत कधी येशील, असं तिनं विचारलं नव्हतं. विचारलं असतं आणि तो 'बघू' म्हणाला असता, तर ते 'बघू' सोबतीला घेऊन त्या दोन खोल्यांत बसावं लागलं असतं. पिक्चरचे पास ऋतानं पाठवले होते. पडद्यावर आता जी निरी घालत होती तीच ऋता. पुण्याची पोरगी, आधी मालिकांत होती, आता पिक्चरला गेली. मंगळवारी तिचा आवाज मोबाइलवर आला, 'शालूताई, दोन पास आहेत. मुलाला घेऊन बघा. आणि मग मला शिव्या घाला, मी ऐकून घेईन.' शिव्या कशाला, हे काही शालूबाईला उमगलं नव्हतं. विश्वजित म्हणाला होता, "चल. एकटी कुटं जातीस." एवढंच. पण चल म्हणाला होता.

कोल्हापूरच्या आसपास कुठं शूटिंग लागलं की नऊवारी नेसवायला शालूबाईला बोलावणं यायचं. त्यामुळं पिक्चरबद्दलचं तिचं मत हे नेहमी हातांचं आणि कमरेचं मत असायचं. तोंड काय, रंगवता येतं. डोळ्यांत थेंब टाकता येतात. कंबर खोटं बोलत नाही. गेल्या दिवाळीत इतिहासाचा तो मोठा पिक्चर आला, लोकांनी डोक्यावर घेतला. शालूबाईनं बघितलं की राणीसाहेब घोड्यावरनं उतरल्या त्या विजार घातल्यासारख्या. शिवलेलं लुगडं, बाजूला चेन. 'नेसल्याली न्हाई, घातल्याली हाय,' ती मोबाइलपुढं एकटीच म्हणाली. दुसऱ्या एका पिक्चरात नायक बापाच्या मढ्यापाशी रडला. डोळ्यांतनं धार, आणि खांदे आखाड्यातल्यासारखे ताठ. रडणं आधी खांद्यात उतरतं, मग डोळ्यांत येतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि उन्हाळ्यात आलेल्या त्या लहानशा पिक्चरात एक म्हातारा होता, तीन मिनिटांचं काम, नाव पाटीवर शेवटी बारीक अक्षरात. सुनेनं पुढं सारलेली भाकरी त्यानं मोडली, आणि पहिला तुकडा तोंडात न घालता नुसता हातात धरून बसला. बस. शालूबाईला दोन दिवस तो तुकडा दिसत राहिला. हे सांगायला मात्र घरात कुणी नव्हतं. मत असून काय करायचं, मतालाही समोर माणूस लागतं, खोडून काढणारं.

खोडून काढणारा आकाराम होता. उद्यमनगरात लेथवर उभ्यानं त्याचा जन्म गेला, आणि नटाचं काम तो लोखंडासारखं सुतात मापायचा. "एक सूत जादा घासलं गड्यानं," तो म्हणायचा, कुणी जास्त ओरडलं की. त्याचा एक कायदा होता. पिक्चर सुटला की थिएटरात ब्र काढायचा नाही, रस्त्यात नाही, गाडीवर नाही. गंगावेशीत जायचं, म्हशींच्या ओळीपुढं उभं राहायचं, बाळासो गवळ्यानं समोर धार काढून फेसासकट गिलास हातात दिला की मग बोलायचं. आणि निकालही दुधातच. काम आवडलं तर त्या नटाला 'भरून', नाही आवडलं तर 'अर्धा'. म्हणजे दूध आपणच प्यायचं, पण नाव नटाचं. एकदा एका नामांकित नटाला बापलेकांनी मिळून गिलासातला फेस दिला होता नुसता, आणि बाळासो म्हणाला होता, "अहो, फेस तरी कशाला वाया घालवताय!" मग घराकडं निघताना गाडीला किक मारायच्या आधी आकाराम मान वळवून म्हणायचा, "शालू, पदर आवर. चाकात जाईल." वीस वर्षं तेच एक वाक्य. तिला राग यायचा. जगाला नेसवणारी मी, मला सांगतोस होय. आज येताना विश्वजितच्या गाडीवर बसली तेव्हा कुणी काही बोललं नाही, तिचा तिनंच पदर कमरेला खोचला.

याच ऋताला शालूबाईनं मनातल्या मनात तीन वर्षांपूर्वी अर्धा गिलास देऊन टाकला होता. आकारामच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरात टीव्ही चालू होता, मालिकेतल्या लग्नाचा भाग, आणि दारातनं तिला दिसली ऋता, सगळ्या प्रसंगात पोटावर हात धरून उभी. पोट दुखल्यासारखी. हिला हात कुठं ठेवावा कळत न्हाई, असं तिच्या मनानं त्या दुःखातसुद्धा म्हटलं होतं, आणि मग स्वतःचीच लाज वाटून ती दारातनं मागं सरली होती.

आता पडद्यावर ऋताचं सगळं हातातच होतं. ती लग्नघरातली नेसवणारी बाई झाली होती. खोलीत एकटी नवरी, बाहेर सनईचा सूर लागतोय, आणि ऋता गुडघ्यावर बसून निऱ्या घालतेय. आणि गुणगुणतेय. शालूबाईच्या पाठीतनं कळ गेली. ती ओवी धोंडुमावशीची. मावशी निऱ्या कधी मोजायची नाही, ओवी म्हणायची. एका नावाला एक निरी, ओवी संपली की निऱ्या बरोबर सात, ना कमी ना जास्त. अंधार असो, घाई असो, नवरी हलत असो.

एक निरी आईची, दुसरी गं बापाची,
तिसरी पाठच्या भावाची, चवथी सासरच्या वाटंची,
पाचवी भरल्या घराची, सहावी कुशीच्या लेकराची,
सातवी कुंकवाच्या धन्याची, बाई, खोचिते जपून.

पडद्यावरची ओवी सहावीपर्यंत आली, आणि दारात एक माणूस येऊन उभा राहिला. टोपी हातात. म्हणाला, "वहिनी, दादा गेले." ऋताची बोटं थांबली. सनई चालूच. थिएटरात कुणीतरी खोकलं. ऋतानं वर बघितलं नाही. ती म्हणाली, "एवढं नेसवून येते."

मधल्या रिकाम्या खुर्चीपलीकडं विश्वजित ताठ झाला. शालूबाईनं बघितलं नाही, पण खुर्ची करकरली ते ऐकलं. तीन वर्षं हे वाक्य त्यांच्या घरात उंबऱ्यावर पडून होतं. दोघंही ते ओलांडून आत-बाहेर करत होती. आकारामला लेथपाशी उभ्या उभ्या झटका आला, दवाखान्यात पोचायच्या आत संपलं, आणि विश्वजितनं तिला फोन लावला. "आई, पप्पा गेलं." ती राधानगरी रस्त्याला एका शाळेत मालिकेच्या शूटिंगला होती. समोर ऋता उभी, मागं आणखी दोघी, अंगाभोवती अर्धी लुगडी धरून. फोन कानाला खांद्यानं दाबलेला, हातात निऱ्या. आणि ती म्हणाली, "एवढं नेसवून येते." तिघींना नेसवलं तिनं. मग गाडी मागितली. घरी पोचायला दीड वाजला. अंगण माणसांनी भरलं होतं, विश्वजित बापाच्या उशाशी बसला होता, आणि त्यानं तिच्याकडं जे बघितलं ते अजून तिच्या मनातनं गेलं नव्हतं. भावकीतल्या बायका म्हणाल्या, दगड हाय बाई, डोळ्याला पाणी न्हाई, काम पुरं करून आली. तिनं कुणाला काही सांगितलं नाही, कारण तिलाच ठाऊक नव्हतं. अर्धं नेसलेलं माणूस सोडून उठायचं नाही, ही मावशीची शिस्त. ती हातांत इतकी मुरलेली की हात आपले आपण चालत राहिले. पण शिस्त एवढी मोठी असते होय? नवऱ्याहून मोठी? अंथरुणावर पडून तिनं हे स्वतःला किती वेळा विचारलं असेल. आपण खरंच दगड असू, असंही तिला आताशा वाटू लागलं होतं. दगडाला निदान झोप तरी लागते.

समोर ऋता पुन्हा गुणगुणायला लागली होती, पण ओवी मधेच सोडून. सहावीनंतर ती एकदम 'खोचिते जपून' म्हणाली आणि खोचून मोकळी झाली. सातवी निरी बाहेरच राहिली. मोकळं कापड ओच्याशेजारी लोंबत होतं, आणि नेसवणाऱ्या बाईला ते दिसत नव्हतं. तिनं पदर सारखा केला, मागं सरून नवरीकडं समाधानानं बघितलं, म्हणाली, "जा बाळा. झालं." तिच्या तोंडावर काही नव्हतं, एक रेघ हलली नाही. पण शालूबाईनं खांदे बघितले. खांदे गेले होते. लोडातला कापूस निघावा तसे आतल्या आत बसले होते. पुढच्या रांगेतलं एक कॉलेजचं पोरगं मित्राला हळूच म्हणालं, "आरं, साडी सुटलीया बघ तिची. एवढ्या मोठ्या पिच्चरमदी चूक!" मित्र म्हणाला, "गप. चूक न्हाई ती." आणि नवरी दाराकडं निघाली. खाली बघितलं. लोंबती निरी तिला दिसली. ती मागं वळली नाही. फक्त पोटाशी हात नेला, निरीवर तळवा दाबून धरला, आणि तशीच मांडवात गेली.

पोट दुखल्यासारखी.

शालूबाई खुर्चीत पुढं सरकली. आकारामच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दारातनं दिसलेला तो हात. पुढचा पिक्चर तिला कळला नाही. माणसं येत होती, बोलत होती, कुणी गाव सोडून गेलं, पुढं कुणी परतलं. तिला सगळीकडं तो एकच तळवा दिसत होता. अंधारात हात पुढं आला आणि तिच्या ओच्यातले शेंगदाणे पुडीत भरू लागला. विश्वजितचा हात. एकेक दाणा वेचून त्यानं पुडी मुडपली आणि मधल्या खुर्चीवर ठेवली. पिक्चर सुटला, दिवे लागले, तरी दोघंही नाही बोलली. पण हे न बोलणं रोजचं नव्हतं. हे आकारामच्या कायद्यातलं होतं. गाडी त्यानं मंगळवार पेठेकडं न घेता गंगावेशीकडं वळवली, तेव्हा तिला मागच्या सीटवर त्याच्या शर्टाची पाठ धरावीशी वाटली, आणि तिनं धरली.

ऊन उतरलं होतं. म्हशी ओळीनं बांधलेल्या, शेपट्यांनी माशा वारत. बाळासोनं बादलीवरनं मान वर केली.

"आवो शालूवैनी! किती दिसांनी. हे कोण, विश्वजित? आरं, मला वाटलं आकारामच उतरला गाडीवरनं. बसा की. कंचा पिच्चर?"

"नवा हाय," विश्वजित म्हणाला. "दोन द्या काका."

धार गिलासात पडू लागली. तो आवाज, आधी पातळ आणि मग फेसाखाली दबत जाणारा, तीन वर्षांत शालूबाईनं ऐकला नव्हता. गिलास हातात आला. कोमट. आता बोलायचं होतं. पोरगा गिलासाच्या कडेवर नजर धरून म्हणाला, "ते वाक्य तू तिला दिलंस काय?"

"कंचं?"

"आई, तुला म्हाईत हाय कंचं."

"न्हाई रे बाबा. ती समोर हुती त्या दिवशी. ऐकलं आसंल." मग ती थांबली, दुधावरचा फेस फुटताना बघत राहिली. "विशू, ती मालिका मोबाइलवर घावंल काय? लगीन हुतं बघ त्यात. त्या दिवशीचं."

त्या दिवशीचं म्हटल्यावर त्यानं तिच्याकडं बघितलं. मग गिलास कट्ट्यावर ठेवून मोबाइल काढला. शोधायला वेळ लागला. शेकडो भाग होते. बाळासो मधेच म्हणाला, "दूध गार व्हतंय की पावणं," आणि कुणी ऐकलं नाही म्हणून गप्प झाला. सापडला तो भाग. मांडव, हारांच्या माळा, आणि ऋता, तीन वर्षांनी लहान, पोटावर हात. शालूबाई पोराच्या खांद्याला खांदा लावून बघत होती. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं. विश्वजितनं एक वाचलं, "'हिला अभिनय येत नाही, हात कुठे ठेवावा तेही कळत नाही.'"

"मीबी तेच म्हणाली हुती," शालूबाई म्हणाली. "थांब. पुढं घे. अक्षता टाकत्यात तिथं."

अक्षता टाकायची वेळ आली. ऋतानं आधी डावा हात वापरून बघितला, मग कुणीतरी बाजूनं खुणावलं असावं, तिनं पोटावरचा उजवा उचलला. एवढासा क्षण. विश्वजितनं तिथंच चित्र थांबवलं आणि दोन बोटांनी मोठं केलं. ओच्याच्या बाहेर एक निरी लोंबत होती. खोचलेली नव्हती. मागं उभ्या दोघींतल्या एकीच्या लुगड्याचा काठ उलटा होता, दुसरीचा पदर आखूड पडलेला, गुडघ्यावर आला होता.

सव्वीस वर्षांत शालूबाईच्या हातनं असं एकदाही झालं नव्हतं.

"मला ठावंच न्हाई," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "मला वाटलं मी नीट नेसवलं. आजपतूर वाटतंय."

विश्वजित स्क्रीनवरच्या निरीवर बोट ठेवून उभा होता. बोटाखाली ती झाकली जात होती, तो बोट काढत होता, पुन्हा ठेवत होता. "किती आस्त्यात ह्या?"

"सात."

"आणि ही कितवी?"

"सातवी."

"पिच्चरमदी ती म्हणत हुती ते गाणं... सातवी कुणाची आस्ती त्यात? ती बोललीच न्हाई."

शालूबाईनं गिलास दोन्ही हातांनी धरला. उत्तर सोपं होतं, लहानपणापासून पाठ होतं. तिचे खांदे आधी हलले. पोरानं ते बघितलं. तो बापाचा पोरगा, एका सुताचा फरक त्यालाही कळत होता. मग डोळ्यांत आलं, तीन वर्षं उशिरानं, भर रस्त्यात, म्हशींच्या पुढं. "तुझ्या पप्पांची रे," ती म्हणाली. "तुझ्या पप्पांची."

बाळासोनं तोंड फिरवलं आणि म्हशीच्या पाठीवर उगाच थाप मारली. विश्वजितनं मोबाइल खिशात घातला, आईच्या हातातला गिलास काढून घेऊन कट्ट्यावर ठेवला आणि तिचे मोकळे झालेले दोन्ही हात स्वतःच्या हातांत घेतले. बोटांची टोकं बघितली. टाचण्या टोचून टोचून तिथली कातडी खरखरीत झाली होती. त्याला हे माहीत नव्हतं, किंवा तीन वर्षांत तो विसरला होता. मग म्हणाला, "मी सगळ्यास्नी सांगितलं हुतं. भावकीत. का तू काम संपवून आलीस म्हणून."

"खरंच हुतं ते."

"खरं न्हवतं, आई. संपलं कुटं हुतं?"

संध्याकाळची गिऱ्हाइकं येऊ लागली होती. एक बाई पोरीला घेऊन आली, पोरगी फेसाला हसली. शालूबाईनं पदरानं डोळे पुसले, दूध गार झालं होतं ते एका दमात पिऊन टाकलं, आणि ओठावरचा फेस पुसायच्या आधी म्हणाली, "मग? ऋताला किती?"

विश्वजितला हसू आलं. ओठ नीट सरळ धरायची सवय लागलेली, म्हणून ते वाकडंच आलं. "भरून," तो म्हणाला. "आजचाबी आणि तीन वर्सामागचाबी. दोन." मग बाळासोकडं वळून, "काका, आणखी दोन भरून द्या."

"कुणाच्या नावानं?" बाळासोला कायदा ठाऊक होता.

"ऋताबाईंच्या. पप्पा आस्तं तर त्यांनीच दिलं आस्तं." आणि आईला, "तिला मेसेज टाक. म्हणावं, कोल्हापूरला आलीस की हिथं ये. शिव्या घालायच्या हैत."

"काम चांगलं केलंय," शालूबाई म्हणाली. दुसरा गिलास हातात घेताना ती पुन्हा नेसवणारी झाली होती, डोळे बारीक झाले होते. "पर काष्टा ढिला मारलाय पोरीनं. एवढं माझं बघितलं, आणि काष्टा न्हाई बघितला."

"एक सूत?"

"दोन सूत."

गाडीकडं जाताना तो म्हणाला, सुट्टी शुक्रवारी धरून घेतो, नवे पिक्चर शुक्रवारीच लागतात, दुपारच्या एसटीनं येईन, तीनचा न्हाई तर सहाचा खेळ घावंल. सगळं तो रस्त्याकडं बघत सांगत होता, दुसऱ्याच कुणाची व्यवस्था लावून दिल्यासारखं. शालूबाईनं 'बरं' म्हटलं. आणखी काही म्हटलं असतं तर ते सांडलं असतं. ती मागं बसली. कमरेला खोचलेला पदर मघाशी डोळे पुसताना सुटला होता आणि बाजूला लोंबत होता. तिच्या लक्षात आलं, पण तिनं तो खोचला नाही. हात मांडीवर ठेवून बसली, वाट बघत, आणि आपण कशाची वाट बघतोय हे कळून तिची तिलाच गंमत वाटली. विश्वजितनं स्टँड काढलं. किकवर पाय ठेवला. मग मान वळवून खाली बघितलं.

"आई, पदर आवर," तो म्हणाला. "चाकात जाईल."